ईमेलमधल्या ‘साका निघाला का?’ला भलतीच उत्तरं येतात तेव्हा

हापूसची पेटी गिऱ्हाईकाच्या घरी पोचली की काही दिवसांनी त्याला एक ईमेल जातं. त्यात एकच प्रश्न असतो, ‘पेटीत साका निघाला का?’ (साका म्हणजे फळाच्या आत, गरात होणारा बिघाड.) खाली चार बटणं: ‘अजून कापले नाहीत’, ‘एकही नाही’, ‘एखाद-दुसरा’ आणि ‘बऱ्यापैकी’. जे खरं असेल त्यावर बोट टेकवायचं. देवगड भागातल्या काही बागायतदारांची ऑनलाइन ऑर्डरची आणि ईमेलची कामं मी बघते, आणि दर हंगामात या प्रश्नाची तक्रार ठरलेली. रूपं मात्र वेगवेगळी. ईमेल गेल्यावर मिनिटभरात उत्तरांची रांग लागते आणि एकेका गिऱ्हाईकाने चारही बटणं दाबलेली दिसतात. नाहीतर लोक फोनवर सांगतात, ‘आम्ही उत्तर दिलंय हो’, आणि उत्तरं जिथे जमा होतात त्या शीटमध्ये त्यांची ओळच नसते. कधी फॉर्म उघडतो, पण आत काहीच निवडलेलं नसतं. कधी एकाच पेटीची चार-पाच उत्तरं येतात, तीही एकमेकांशी न जुळणारी.

यातले बहुतेक बिघाड एकाच समजुतीतून येतात. बटण दाबलं म्हणजे उत्तर आलं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ईमेलमधलं बटण हा एका पानाचा पत्ता असतो. तो पत्ता कोण उघडतं, किती वेळा उघडतं आणि उघडल्यावर पुढे काही करतं की नाही, यावर आपला ताबा नसतो. म्हणून उत्तर नोंदवायची जागा ईमेलच्या बाहेर, पुढच्या पानावर ठेवायची. खाली जे सांगते ते सगळं याच्याच अवतीभवती आहे.

एवढा आटापिटा कशासाठी, हे ज्यांनी आंबा विकला नाही त्यांच्यासाठी सांगते. साका धरलेलं फळ बाहेरून अगदी निरोगी दिसतं. रंग छान, वास छान, देठाकडे डाग नाही. कापलं की आत गराचा एक भाग पांढरट, भुसभुशीत आणि आंबट निघतो. बागायतदाराला तो पेटी भरताना दिसणं शक्यच नसतं. फळ झाडावर जास्त तयार होऊ दिलं तर साक्याचं प्रमाण वाढतं, काढणीनंतर तापलेल्या जमिनीवर पडून राहिलं तरी वाढतं. म्हणून चौदा आण्याला, म्हणजे फळ पूर्ण तयार व्हायच्या जरा आधी, काढणी करायची आणि फळ लगेच सावलीत न्यायचं. पण यंदा कुठल्या कलमांच्या, कुठल्या तोडणीच्या आंब्यात साका जास्त होता हे कळण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे ज्याने फळ कापलं त्याला विचारणं. त्या उत्तरांवरून पुढच्या वर्षीची तोडणी ठरते, कुणाला पैसे परत द्यायचे ते ठरतं. शीट खोटी असेल तर एका माणसाची वर्षभराची मेहनत खोट्या आकड्यांवर तोलली जाते.

हे चालतं कसं

ईमेलमध्ये खराखुरा फॉर्म भरवशाने चालत नाही. गोल टिंब असलेले पर्याय, लिहायची चौकट, पाठवायचं बटण हे सगळं वेबपानावर ठीक असतं, पण ईमेल दाखवणारी ॲप्स जावास्क्रिप्ट, म्हणजे पानामागे चालणारा कोड, अजिबात चालू देत नाहीत आणि फॉर्मचे भाग बहुतेक ठिकाणी काढून टाकतात किंवा निर्जीव करून ठेवतात. ‘गोल दिसतात पण दाबले जात नाहीत’ ही तक्रार इथून येते. कुणीतरी वेबपानावरचा फॉर्म कॉपी करून ईमेलमध्ये चिकटवलेला असतो. त्यावर दुरुस्ती नाही, तो काढायचा.

चालतं ते असं: प्रत्येक पर्याय म्हणजे एक वेगळी लिंक. त्या लिंकमध्ये फॉर्मचा पत्ता असतो, प्रश्नाचा क्रमांक असतो आणि निवडलेलं उत्तर असतं. लिंक उघडली की फॉर्म ते उत्तर आधीच निवडून समोर येतो. गूगल फॉर्ममध्ये हे फुकट करता येतं. फॉर्म संपादित करताना वरच्या तीन टिंबांच्या मेनूत आधीच भरलेली लिंक मिळवायचा पर्याय असतो, इंग्रजीत त्याच्या नावात ‘प्री-फिल’ असतं. तो उघडायचा, ‘एकही नाही’ निवडायचं, लिंक घ्यायची. मग ‘एखाद-दुसरा’ निवडून दुसरी. चार पर्यायांच्या चार लिंका झाल्या की त्या चार बटणांना जोडायच्या. पैसे देऊन घेतलेली सर्वेक्षणाची साधनं ‘ईमेलमध्ये प्रश्न बसवा’ म्हणतात तेव्हा आतून साधारण हेच करतात.

ईमेलच्या आतच उत्तर नोंदवायची एक सोय गूगलने २०१९मध्ये जीमेलसाठी आणली, तिला एएमपी ईमेल म्हणतात. ती वापरायला पाठवणाऱ्याला गूगलकडे नोंदणी करावी लागते, ज्यांच्याकडे ती चालत नाही त्यांच्यासाठी साधं ईमेलही सोबत द्यावं लागतं, आणि ईमेल पुढे पाठवलं की तो भाग गळून पडतो. मोठ्या कंपन्यांना परवडत असेल. दोन-पाचशे पेट्या विकणाऱ्या बागायतदाराने त्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

यंत्रं उत्तरं देतात

हा सगळ्यात घातक प्रकार, कारण यात शीट रिकामी राहत नाही. ती भरलेली दिसते.

तोडणी जोरात चालली होती. पडवीत पेट्यांची रास, जमिनीवर पेंढा पसरलेला, आणि बागेचे मालक मोबाइलवर शीट उघडून बसलेले. एकेक ओळ वर सरकवत होते आणि चेहरा उतरत होता. शेवटी म्हणाले, ‘‘गो, माका सांग, सगळ्याच पेट्यांत साको कसो निघतलो?’’ शीटमध्ये तसंच लिहिलं होतं. आम्ही ओळी ईमेलच्या पत्त्यानुसार लावल्या. ‘बऱ्यापैकी’ म्हणणारे जवळपास सगळे मुंबई-पुण्याच्या ऑफिसांच्या पत्त्यांवरचे. मग वेळेचा रकाना बघितला. ईमेल पोचल्यावर काही सेकंदांतच चारही पर्याय, एकामागोमाग एक, एकाच व्यक्तीच्या नावावर. इतक्या वेळात माणूस ईमेल उघडूनसुद्धा होत नाही.

झालं होतं असं. चाकरमानी मंडळी बरेचदा ऑफिसचाच पत्ता देऊन ऑर्डर करतात. ऑफिसांच्या ईमेलवर सुरक्षेची यंत्रणा बसवलेली असते. आलेल्या ईमेलमधली प्रत्येक लिंक ती स्वतः उघडून बघते, कुठे फसवणुकीचं पान तर नाही ना म्हणून. ते तिचं कामच आहे आणि ते योग्यच आहे. पण आपली लिंक उघडताक्षणी उत्तर नोंदवणारी असेल, तर ती यंत्रणा आपल्या नकळत चारही उत्तरं देऊन जाते. आपला फॉर्म एका माणसाचं एकच उत्तर ठेवत असेल तर शेवटी उघडलेली लिंक उरते, आणि ‘बऱ्यापैकी’ खाली असल्यामुळे बिचाऱ्या आंब्यावर तोच शिक्का बसतो.

गूगल फॉर्मच्या साध्या भरलेल्या लिंकमुळे असं होत नाही, कारण तिथे खालचं ‘सबमिट’ दाबल्याशिवाय नोंद होत नाही. पण लोकांचं एक बोट वाचावं म्हणून काही जण लिंकमधला ‘व्ह्यूफॉर्म’ हा शब्द काढून तिथे ‘फॉर्मरिस्पॉन्स’ घालतात. मग लिंक उघडली की उत्तर थेट जमा. युक्ती चालते, म्हणूनच ती एकाकडून दुसऱ्याकडे पसरते. तुमच्या शीटमध्ये सेकंदात चार उत्तरं येत असतील तर सगळ्यात आधी चारही लिंका उघडून हा शब्द शोधा. सापडला की पूर्वीसारखा करा.

स्वतःची वेबसाइट असेल, कुणा पोराकडून करून घेतलेली असेल, तर त्याला एकच नियम सांगा: पान उघडल्यावर काही नोंदवायचं नाही, बटण दाबल्यावर नोंदवायचं. वेबच्या भाषेत पहिल्याला ‘गेट’ म्हणतात, दुसऱ्याला ‘पोस्ट’. ईमेलची यादी सोडायच्या एका-क्लिकच्या सोयीचा नियम, आरएफसी ८०५८, जानेवारी २०१७मध्ये आला तोही ‘पोस्ट’च मागतो. लिंका तपासणाऱ्या यंत्रांमुळे लोक नकळत यादीबाहेर फेकले जाऊ नयेत, हे त्यामागचं कारण. पान उघडल्यावर जावास्क्रिप्टने आपोआप बटण दाबायची पळवाट काढू नका. काही सुरक्षा यंत्रणा पान पूर्ण चालवून बघतात, त्या तीही चालवतील.

जुनी शीट वाचवायची असेल तर गाळणी लावता येते. एकाच पत्त्यावरून एकाच मिनिटात दोन वेगळी उत्तरं आली असतील तर ती सगळी बाजूला काढा. पाठवल्यापासून पहिल्या मिनिटातली उत्तरं संशयित धरा. पुढच्या ईमेलसाठी आणखी एक उपाय आहे. माणसाला दिसणार नाही अशी एक पाचवी लिंक ईमेलमध्ये ठेवायची. ती ज्या पत्त्यावरून उघडली जाईल तिथे यंत्र बसलंय हे पक्कं. पण गाळणीने उरलेलं उत्तर खरंच असेल याची खात्री मिळत नाही. ज्यांच्या नावावर ‘बऱ्यापैकी’ राहतं त्यांना फोन करावा. आम्ही करतो. पाच मिनिटं जातात, आणि गिऱ्हाईकालाही बरं वाटतं की विचारपूस झाली.

माणसं दाबतात आणि निघून जातात

यंत्रांची अडचण सोडवली की ही डोकं वर काढते. ‘सबमिट’ ठेवलं म्हणून खोटी उत्तरं थांबली, पण खरीही कमी झाली. ईमेलमध्ये ‘एकही नाही’ दाबलं, पान उघडलं, आपलं उत्तर निवडलेलं दिसलं, माणूस समाधानाने मागे गेला. त्याच्या लेखी उत्तर दिलं. आपल्या लेखी काहीच झालं नाही.

त्याला दोष देता येत नाही. पानाने त्याला अजून काम बाकी असल्याचं सांगितलेलंच नसतं. गूगल फॉर्म उघडतो तेव्हा आधी मोठं चित्र, मग नाव, मग दोन परिच्छेद वर्णन, मग प्रश्न, मग आणखी तीन प्रश्न, आणि ‘सबमिट’ पार तळाला. मोबाइलवर ते दिसतच नाही. म्हणून वरचं चित्र काढा, वर्णन एका ओळीत आणा: ‘तुमचं उत्तर निवडलेलं आहे. नोंद होण्यासाठी खालचं बटण दाबा.’ बाकीचे प्रश्न शक्यतो काढूनच टाका. डिलिव्हरी कशी होती, पुढच्या वर्षी घ्याल का, कुणाला आमचं नाव सुचवाल का, हे सगळं विचारायचा मोह होतो. पण आपल्याला साक्याचं कळायला हवं असेल तर साक्याचंच विचारावं. ईमेलमध्येही बटणांच्या खाली लिहा, ‘दाबल्यावर एक पान उघडेल, तिथे पाठवा म्हणजे नोंद होईल.’ लोकांना आधी सांगितलं की ते ऐकतात.

याच जागी आणखी एक कारण लपलेलं असतं. पान उघडतं पण समोर गूगल खात्यात साइन-इन करायला सांगतं. फॉर्मच्या सेटिंगमध्ये ‘एका व्यक्तीचं एकच उत्तर’ चालू केलेलं असलं की असं होतं. दुसरं कारण फोटो. साक्याचा फोटो मिळावा म्हणून कुणीतरी फाइल अपलोडचा प्रश्न टाकतं, आणि त्या प्रश्नालाही गूगलचं साइन-इन लागतंच. ज्यांचा ईमेल पत्ता याहूचा किंवा ऑफिसचा आहे ते तिथेच थांबतात. दोन्ही बंद करा. फोटो हवाच असेल तर ‘फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा’ असं शेवटच्या पानावर लिहा. आलेला प्रत्येक फोटो मी पेटीच्या क्रमांकासकट जपून ठेवते, कारण कापलेल्या फळाचा एक फोटो बागायतदाराला चार ओळींपेक्षा जास्त सांगतो.

फॉर्म उघडतो, पण आत काही निवडलेलं नसतं

हा आपल्या मराठी अक्षरांचा प्रश्न आहे आणि इंग्रजीतल्या मदतपानांवर याचं उत्तर सापडणार नाही.

गूगल फॉर्म पर्याय ओळखतो तो त्याच्या मजकुरावरून. लिंकमधलं उत्तर आणि फॉर्ममधला पर्याय अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. फॉर्ममध्ये ‘एकही नाही’च्या शेवटी एक मोकळी जागा राहून गेली असेल तर जुळत नाही. ‘एखाद-दुसरा’मधली छोटी रेघ संगणकाने आपोआप लांब केली तरी जुळत नाही. या दोन गोष्टी नीट बघितल्या तर डोळ्यांना सापडतात. ‘बऱ्यापैकी’मधली चूक डोळ्यांना सापडतच नाही. त्यातला ‘ऱ्या’ संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. काही कीबोर्ड त्यासाठी ‘ऱ’ हे वेगळं अक्षर वापरतात. काही साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. फॉर्म एकाने मोबाइलवर केला, लिंकमधला मजकूर दुसऱ्याने लॅपटॉपवर टाइप केला, की नेमकं हेच एक बटण चालत नाही आणि बाकीची तीन चालतात.

ओळखायची एक खूण सांगते. लिंकमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह टक्क्याच्या खुणांसकट नऊ अक्षरांत मांडलं जातं, कारण यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत त्याला तीन बाइट लागतात. पहिल्या पद्धतीने लिहिलेल्या ‘बऱ्यापैकी’त नऊ चिन्हं आहेत, म्हणजे लिंकमध्ये ८१ अक्षरं. दुसऱ्या पद्धतीने दहा, म्हणजे ९०. दोन लिंका एकाखाली एक ठेवा. लांबी वेगळी असेल तर चोर सापडला.

दुरुस्ती सोपी आहे: लिंक हाताने टाइप करू नका, फॉर्मकडूनच घ्या, वर सांगितलं तशी. मी तर पुढच्या हंगामापासून ‘बऱ्यापैकी’ऐवजी ‘बराच’ लिहायला सुरुवात केली, म्हणजे प्रश्नच मिटला. ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’ असे शब्द पर्यायांत टाळलेले बरे. आकड्यांची मोजपट्टी असलेला प्रश्न वापरला तर उत्तर आकड्यातच जातं आणि अक्षरांची भानगड राहत नाही, फक्त लिंकमध्ये आकडे इंग्रजी हवेत.

पेटीचा क्रमांक प्रत्येक लिंकमध्ये घालायचा असेल तर ते काम शीटमध्ये सूत्राने करा. मराठी मजकूर लिंकमध्ये बसवण्यासाठी गूगल शीट्समध्ये ‘एन्कोडयूआरएल’ नावाचं सूत्र आहे. ते मजकुराच्या भागावर एकदाच लावायचं. पूर्ण लिंकवर लावलं, किंवा आधीच टक्क्याच्या खुणांत रूपांतर झालेल्या मजकुरावर पुन्हा लावलं, की प्रत्येक टक्क्याच्या खुणेनंतर २५ हा आकडा घुसतो आणि उत्तर जुळत नाही. सामूहिक ईमेल पाठवणाऱ्या काही सेवा क्लिक मोजण्यासाठी लिंक बदलून आपली घालतात, तेव्हाही असं होऊ शकतं. लिंकमध्ये टक्का-२५ दिसलं की आधी त्या सेवेतली क्लिकमोजणी बंद करून बघा.

एका पेटीची चार उत्तरं

पेटी घरात येते एकाच्या नावावर, खातं सगळं घर. वडिलांना आलेलं ईमेल मुलगी बघते, लिंक घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते, मग आत्या, काका, शेजारची वहिनी सगळे उत्तर देतात. लिंकमध्ये एकाच पेटीचा क्रमांक असल्यामुळे सगळी उत्तरं त्या पेटीच्या नावावर. व्हॉट्सॲप लिंकखाली पानाची झलक दाखवतं, त्यासाठी ते पान मागवावं लागतं. उघडताच नोंदवणारी लिंक असेल तर पाठवणाऱ्याने ग्रुपवर टाकली तेव्हाच एक उत्तर जमा होतं.

इथे मी लोकांना बंदी घालत नाही. आत्याच्या वाट्याला आलेल्या आंब्यात साका होता आणि काकांच्या नव्हता, तर दोन्ही खरंच आहे. शीटमध्ये पेटीनुसार ओळी लावा आणि त्यातलं सगळ्यात वाईट उत्तर पेटीचं उत्तर धरा. पैसे परत द्यायच्या वेळी फोन करायचाच आहे.

एक गोष्ट मात्र पाळा. लिंकमध्ये गिऱ्हाईकाचा मोबाइल नंबर, नाव किंवा ईमेल पत्ता घालू नका. ती लिंक कुठल्या ग्रुपपर्यंत जाईल सांगता येत नाही. पेटीचा क्रमांक पुरतो, आणि त्यावरून बाग, तोडणीची तारीख, गिऱ्हाईक हे सगळं तुमच्या वहीत असतंच. गूगल फॉर्ममध्ये लपवलेला रकाना नसतो, त्यामुळे क्रमांक गिऱ्हाईकाला दिसतो. दिसू दे. वर ‘पेटी क्रमांक, बदलू नये’ लिहिलं की झालं.

दिसण्याच्या तक्रारी

विंडोजवरचं जुनं आउटलुक २००७पासून ईमेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरतं, म्हणून तिथे बटणं चेपलेली किंवा एकमेकांना चिकटलेली दिसतात. बटण साध्या तक्त्याच्या रंगीत चौकोनात ठेवा, प्रत्येक पर्याय स्वतंत्र ओळीत, पूर्ण रुंदीचा. मोबाइलवर शेजारी-शेजारी चार बटणं ठेवली की बोट भलत्यावर पडतं. ‘एकही नाही’ आणि ‘बऱ्यापैकी’ तर लागून ठेवूच नका. चित्राची बटणं करू नका, कारण आउटलुकसारख्या ठिकाणी चित्रं आधी झाकलेली असतात.

जीमेल १०२ केबीपेक्षा मोठं ईमेल मध्येच कापतं आणि खाली ‘पूर्ण संदेश पाहा’ असं दाखवतं. मराठी अक्षरं तिप्पट जागा घेतात, आणि वर्डमधून चिकटवलेला मजकूर आपल्यासोबत बराच कचरा आणतो. बागेचं वर्णन, २०१८मध्ये कोकणच्या हापूसला मिळालेलं भौगोलिक मानांकन, आंबा पिकवायच्या सूचना हे सगळं चांगलंच आहे, पण प्रश्न त्याच्या वर ठेवा.

ईमेलच पोचत नसेल तर दोन गोष्टी बघा. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० पत्त्यांची मर्यादा आहे. आणि सामूहिक ईमेलची सेवा वापरून प्रेषक म्हणून जीमेलचा पत्ता लावला तर डीमार्कची, म्हणजे प्रेषक खरा आहे का याची, पडताळणी जुळत नाही, ईमेल स्पॅममध्ये जातं. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहू याबाबत कडक झाले आहेत. स्वतःच्या डोमेनचा पत्ता घ्या आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या प्रेषकाची ओळख पटवणाऱ्या तिन्ही नोंदी लावून घ्या.

प्रश्न कधी पाठवायचा

तांत्रिक सगळं ठीक करूनही उत्तरं निरुपयोगी येतात ती वेळेमुळे. तारकर्लीचा होमस्टेवाला पाहुणे निघाल्यावर त्याच संध्याकाळी विचारू शकतो, कारण राहणं होऊन गेलेलं असतं. आंब्याचं तसं नाही. पेटी हिरव्या फळांची जाते. घरी अढी घालून पिकायला आठ-दहा दिवस लागतात, उन्हाळा वाढला की त्याआधी. डिलिव्हरीच्या दुसऱ्या दिवशी साका विचारला तर माणूस न कापताच ‘एकही नाही’ दाबतो. त्याचा हेतू चांगलाच असतो, पण त्या उत्तराने बागायतदाराची फसगत होते.

म्हणून मी तोडणीच्या तारखेपासून मोजते. मार्चमधल्या पेट्यांना जरा उशिरा, मेमधल्यांना लवकर. आणि ‘अजून कापले नाहीत’ हा पर्याय कधीच काढत नाही. ज्यांनी तो निवडला त्यांची वेगळी यादी करायची आणि चार-पाच दिवसांनी त्यांनाच पुन्हा ईमेल पाठवायचं. सगळ्यात खरी उत्तरं या दुसऱ्या फेरीत येतात.

पाठवण्याआधीची तपासणी

स्वतःच्या पाच पत्त्यांवर ईमेल पाठवा: अँड्रॉइडवरचं जीमेल, आयफोनचं मेल, विंडोजवरचं आउटलुक, गूगल खातं नसलेला एखादा पत्ता, आणि ओळखीच्या कुणाचा तरी ऑफिसचा पत्ता. ऑफिसवाल्याला सांगा, अर्धा तास ईमेल उघडू नकोस. त्या अर्ध्या तासात शीटमध्ये त्याच्या नावावर काही आलं तर लिंका अजून उघडताच नोंदवत आहेत. नंतर प्रत्येक पत्त्यावरून चारही बटणं एकेक करून दाबा आणि दाबलेलंच उत्तर पानावर निवडलेलं येतं का बघा. एका बटणावर सगळं चाललं म्हणून बाकीची सोडू नका, ‘बऱ्यापैकी’ची गोष्ट आठवा.

हंगामाच्या सुरुवातीला गेल्या वर्षीच्या फॉर्मची प्रत काढली असेल तर तिची लिंक नवीन असते, पण ईमेलच्या मसुद्यात जुनीच राहिलेली असते. उत्तरं गेल्या वर्षीच्या शीटमध्ये जमा होत राहतात आणि इकडे शीट रिकामी. प्रश्न काढून पुन्हा टाकला तर त्याचा क्रमांक बदलतो, पर्यायातलं एक अक्षर बदललं तर ते बटण मुकं होतं. म्हणून फॉर्म पक्का झाल्यावरच लिंका घ्या, आणि एकदा ईमेल गेलं की हंगाम संपेपर्यंत फॉर्मला हात लावू नका. जुना फॉर्म उत्तरं स्वीकारणं बंद करून ठेवा आणि त्यावर संदेश लिहा: ‘हा गेल्या हंगामाचा फॉर्म आहे, कृपया आम्हाला फोन करा.’